मजकुराचा तुकडा आणि मराठी अक्षर: सबस्ट्रिंगचा आढावा

मोठ्या मजकुरातून हवा तेवढाच भाग वेगळा काढणे हे प्रोग्रॅमिंगमधले रोजचे काम आहे. मजकुराला स्ट्रिंग म्हणतात, काढलेल्या भागाला सबस्ट्रिंग, आणि तो काढून देणारे फंक्शन बहुतेक प्रत्येक भाषेत तयार मिळते. पनवेल तालुक्यातील एक पत्ता घेतला, ‘पाली देवद (सुकापूर), ता. पनवेल, जि. रायगड ४१०२०६’, तर एवढ्या एका ओळीतून टपालासाठी पिन कोड, यादीसाठी गाव आणि अहवालासाठी तालुका असे तीन वेगवेगळे तुकडे लागतात. प्रत्येक तुकड्यासाठी फंक्शनला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: कुठून घ्यायचे, कुठपर्यंत घ्यायचे आणि मोजायचे काय. पहिल्या दोन गोष्टींबद्दल भाषाभाषांत मतभेद आहेत, पण ते पाठ करता येतात. तिसरी गोष्ट इंग्रजी मजकुरात फारशी जाणवत नाही. मराठीत मात्र सगळे तिच्यावरच अवलंबून असते, आणि पाठ्यपुस्तके नेमकी तीच सोडून देतात.

मजकूर हाताळण्यासाठीच घडवलेली स्नोबॉल ही भाषा १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू झाली. तिचा सगळा भर आकृतिबंध जुळवण्यावर होता. ‘पाचव्या जागेपासून तीन’ असे क्रमांक देऊन तुकडा मागण्याची रीत पीएल/वन या भाषेच्या ‘सबस्टर’ने रुळवली. बेसिकने त्याच कामाची ‘लेफ्ट’, ‘राइट’ आणि ‘मिड’ अशी तीन सोपी फंक्शन्स केली. एक्सेलमध्ये आजही हीच नावे आहेत, त्यामुळे प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेला हिशेबनीसही ती सहज वापरतो. फोर्ट्रान ७७ ने कंसात अपूर्णविराम (:) घालून सुरुवात आणि शेवट लिहिण्याची पद्धत आणली. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेने १९९२ च्या प्रमाणात ‘फ्रॉम’ आणि ‘फॉर’ हे शब्द वापरून तेच वाक्यासारखे लिहायला लावले.

‘सुकापूर’ हा शब्द संगणकात सात चिन्हांनी साठवला जातो: स, उकार, क, काना, प, दीर्घ उकार, र. यातला ‘पूर’ काढायचा तर एक्सेलच्या ‘मिड’ला आणि एसक्यूएलला ५ आणि ३ सांगावे लागते, म्हणजे पाचव्यापासून तीन. फोर्ट्रानला ५ ते ७ सांगावे लागते. पायथन आणि जावा शून्यापासून मोजतात आणि शेवटचा क्रमांक तुकड्यात धरत नाहीत, म्हणून तिथे ४ ते ७. ही शेवटची रीत नवशिक्याला आडमुठी वाटते, पण तिच्यामागे विचार आहे. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मधील एका टिपणात तिची बाजू मांडली. शेवटातून सुरुवात वजा केली की लांबी मिळते, आणि पहिल्या तुकड्याचा शेवट हीच दुसऱ्याची सुरुवात होते. ० ते ४ म्हणजे ‘सुका’, ४ ते ७ म्हणजे ‘पूर’. मध्ये काही सुटत नाही, काही दोनदा येत नाही. एकाने चुकण्याची जी जुनी खोड प्रोग्रॅमरांना असते, तिला या पद्धतीत सर्वांत कमी वाव मिळतो.

जावास्क्रिप्टमध्ये एकाच कामाची तीन फंक्शन्स आहेत आणि त्यांनी घातलेला घोळ अजून निस्तरलेला नाही. ‘सुकापूर’वर ‘सबस्टर’ला ४ आणि ३ दिले तर ‘पूर’ मिळते, कारण तिथे दुसरा आकडा लांबीचा. तेच आकडे ‘सबस्ट्रिंग’ला दिले तर ते सुरुवात आणि शेवट समजले जातात. शेवट सुरुवातीच्या आधी आहे असे दिसताच ते गुपचूप अदलाबदल करते आणि हाती एकटा काना येतो, अक्षराविना लटकलेला. ‘स्लाइस’ला तेच दिले तर रिकामी स्ट्रिंग. उणे आकड्यांचे असेच. ‘स्लाइस’ला उणे ३ म्हणजे शेवटची तीन चिन्हे, तर ‘सबस्ट्रिंग’ उणे आकडा शून्य धरते आणि अख्खा शब्द परत देते. ‘सबस्टर’ आता जुन्या वळणाचे मानले जाते. नव्या कामात फक्त ‘स्लाइस’ वापरावे, हेच शहाणपणाचे.

मर्यादेबाहेरची जागा मागितली तर काय व्हावे, यावरही एकमत नाही. जावा एरर देऊन थांबते. सी++ मध्ये सुरुवातच बाहेर असेल तर एरर येते, नुसती लांबी जास्त असेल तर उरेल तेवढे मिळते. पायथनचे स्लाइस कधीच तक्रार करत नाही, असेल तेवढे देते. डेटाबेसमध्ये तर शून्याचाच वाद आहे. शून्यापासून तीन चिन्हे मागितली की ओरॅकल शून्याला एक समजून ‘सुक’ देते, पोस्टग्रेस नसलेली शून्यावी जागाही मोजून ‘सु’ देते आणि मायएसक्यूएल काहीच देत नाही. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर स्थलांतर करताना असा फरक महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही, कारण एरर कुठेच उमटत नाही. पायथनसारखी गप्प राहणारी पद्धत लिहायला सोयीची आहे खरी, पण पैशांच्या आणि जमिनीच्या नोंदींत थांबून ओरडणारे फंक्शन जास्त विश्वासाचे.

जागा मोजून तुकडा काढणे सर्वांत शोभते ते ठरीव लांबीच्या सांकेतिक क्रमांकांना. पिन कोड याचे उत्तम उदाहरण. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. सुकापूरचा ४१०२०६ घेतला तर पहिला अंक टपाल विभागाचा आहे. ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा. पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. म्हणजे आकडाच तुकडे करून वाचण्यासाठी बनवला आहे. बँक शाखेच्या अकरा चिन्हांच्या आयएफएससीत पहिली चार बँकेची, पाचवे नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. पंधरा चिन्हांच्या जीएसटी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि तिसऱ्यापासून दहा चिन्हे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. आधारच्या बारा अंकांपैकी पहिले आठ झाकून शेवटचे चार दाखवायचे, तेही याच फंक्शनने.

पण ठरीव लांबीवर डोळे झाकून विसंबता येत नाही. वाहनाच्या क्रमांकातून पहिली चार चिन्हे काढून एमएच-४६ म्हणजे पनवेल, एमएच-०६ म्हणजे पेण असे ओळखणारा प्रोग्रॅम २०२१ मध्ये बीएच मालिका आली तेव्हा अडखळला, कारण तिथे सुरुवातीला वर्षाचे दोन अंक येतात. लोक पिन कोडही ‘४१० २०६’ असा मध्ये जागा सोडून लिहितात. त्यातून उजवीकडची सहा चिन्हे घेतली तर ‘१० २०६’ हाती येते आणि पहिला ४ गळतो. आधी मोकळ्या जागा आणि टिंबे काढून टाकावीत, लांबी तपासावी, मगच तोडावे. शिवाय असे क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावेत. संख्या म्हणून साठवले की ०६ चा नुसता ६ उरतो आणि पुढचे सगळे तुकडे एका जागेने सरकतात.

पत्त्याला किंवा सातबाऱ्यावरील सर्व्हे नंबरला ठरीव लांबी नसतेच. ‘४२/३/अ’ आणि ‘१०७/१’ यांत सर्व्हे नंबर आणि हिस्सा वेगळा करायचा तर तिरक्या रेघेवर तोडावे लागते. वरच्या पत्त्यातून ‘सुकापूर’ काढायचे तर उघडणाऱ्या कंसाची जागा शोधायची, बंद होणाऱ्याची शोधायची आणि मधला भाग घ्यायचा. एक्सेलमध्ये यासाठी पूर्वी ‘फाइंड’ आणि ‘मिड’ एकमेकांत गुंफावे लागत. २०२२ पासून ‘टेक्स्टबिफोर’ आणि ‘टेक्स्टआफ्टर’ आली आणि सूत्र वाचता येण्याजोगे झाले. येथे एकच पथ्य पाळायचे: खूण सापडलीच नाही तर काय, याचे उत्तर आधी ठरवायचे. अनेक भाषांतील शोध-फंक्शन खूण नसल्यास उणे १ देते. तो आकडा तसाच पुढे स्लाइसला गेला की पायथनमध्ये तो ‘शेवटचे चिन्ह’ असा अर्थ घेऊन बसतो आणि पत्त्याचा शेवटचा अंक तेवढा गायब होतो.

आता मोजण्याचे एकक. ‘सुकापूर’ची लांबी किती, याची तीन बरोबर उत्तरे आहेत. वाचणारा चार म्हणेल: सु, का, पू, र. युनिकोडच्या हिशेबाने ती सात, कारण प्रत्येक उकार आणि काना हे वेगळे चिन्ह, म्हणजे वेगळा कोड पॉइंट आहे. आणि आज जवळपास सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ साठवणीत ती एकवीस, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. इंग्रजी मजकुरात ही तिन्ही उत्तरे बहुधा एकच येतात. म्हणून इंग्रजीवर तपासलेले फंक्शन निर्दोष वाटते आणि मराठी आल्यावर फसते.

बाइट मोजून तोडण्याचा परिणाम सर्वांत वाईट. गावाच्या नावासाठी वीस बाइटची जागा ठेवलेली असेल तर ‘सुकापूर’ एका बाइटने बाहेर जाते. तोडले की ‘सुकापू’ आणि ‘र’चे दोन अनाथ बाइट उरतात, ज्यांचा कशालाच अर्थ नाही. पडद्यावर त्यांच्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह येते. पोस्टग्रेससारखा काटेकोर डेटाबेस अशी ओळ घेतच नाही. पीएचपीचे साधे ‘सबस्टर’ आणि गो भाषेतले स्लाइस बाइटच मोजतात. रस्टही बाइटच मोजते, पण चिन्हाच्या मध्ये कापायला गेले तर प्रोग्रॅम तिथेच थांबवते. यूटीएफ-८ ची रचना केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये अशी केली की चिन्हाचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट दिसताक्षणी वेगळे ओळखता येतात. त्यामुळे जागा बाइटांतच मोजावी लागत असेल तर कापण्याच्या ठिकाणापासून मागे सरकत चिन्हाची सुरुवात गाठता येते. दोन-तीन पावलांचे काम आहे, आणि ते न करण्याला सबब नाही.

कोड पॉइंट मोजणारी भाषा, उदाहरणार्थ पायथन, एवढी नासधूस करत नाही, पण मराठी वाचकाला पटणारे उत्तरही देत नाही. ‘सुकापूर’ची पहिली तीन चिन्हे ‘सुक’ आणि पहिली पाच ‘सुकाप’ होतात. दुसऱ्यापासून घेतले तर ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लटकलेला उकार येतो. जावा आणि जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ चे घटक मोजतात. देवनागरीपुरता त्यांचा आणि कोड पॉइंटचा आकडा सारखाच येतो. मोडीत तसे नाही. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली आणि तिला मूळ पट्ट्याबाहेरची जागा मिळाली, म्हणून मोडीचे प्रत्येक चिन्ह या भाषांत दोन घटकांचे होते. मोडी कागदपत्रांचे लिप्यंतर साठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बेसावध ‘सबस्ट्रिंग’ चिन्हाचे सरळ दोन तुकडे करू शकते.

हे सगळे युनिकोडमुळे झाले असा समज खरा नाही. त्याआधी श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये मराठी मजकूर अक्षरांच्या आकारांचे तुकडे म्हणून, इंग्रजी चिन्हांच्या जागी साठवला जाई. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून कृतिदेवात ती आधी टंकली आणि साठवलीही जाई. परिणामी ‘विष्णू’चे पहिले चिन्ह काढले की नुसती वेलांटी हाती येई. पुण्याच्या सी-डॅकशी ज्याचे नाव जोडले गेले त्या इस्की या भारतीय प्रमाणाने उच्चाराच्या क्रमाने साठवण्याची पद्धत धरली, आणि युनिकोडने देवनागरीचा पट्टा इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवरूनच घेतला. म्हणून आज ‘वि’मध्ये आधी व, मग वेलांटी असते. शोध आणि क्रमवारीसाठी हा मोठा फायदा झाला.

काय मोजायचे या प्रश्नाची खरी कसोटी मराठी नावांच्या आद्याक्षरांत आहे. मराठीत नाव आखडताना पहिले अख्खे अक्षर घेतात, काना-मात्रा आणि अनुस्वारासह. चिंतामण त्र्यंबक खानोलकर यांचे चिं. त्र्यं. खानोलकर होते. प्रल्हाद केशव अत्रे यांचे प्र. के. अत्रे होते आणि पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचे पु. ल. देशपांडे. ‘प्रत्येक शब्दाचे पहिले चिन्ह घ्या’ असे सांगितलेला प्रोग्रॅम यांचे च. त. खानोलकर, प. क. अत्रे आणि प. ल. देशपांडे करतो. ग्रंथालयाच्या सूचीत अशी नावे शिरली तर ती कुणालाच सापडणार नाहीत. ‘त्र्यं’ हे एक अक्षर सहा कोड पॉइंटचे आणि अठरा बाइटचे आहे: त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार. ‘चिं’ तीन कोड पॉइंटचे. म्हणजे कोणताही ठरीव आकडा इथे चालत नाही. अक्षर कुठे संपते हे प्रत्येक वेळी शोधावे लागते.

ते शोधण्याचे नियम युनिकोडने ठरवले आहेत. त्यांत मूळ चिन्ह आणि त्याला चिकटलेल्या मात्रा, अनुस्वार, हलन्त मिळून एक गट धरतात. अनेक वर्षे हे नियम जोडाक्षरांपाशी अपुरे पडत, कारण हलन्तानंतर गट संपे. ‘सुकापूर’चे चार गट बरोबर येत, पण ‘महाराष्ट्र’चे चारऐवजी सहा होत, कारण ‘ष्ट्र’ तीन तुकड्यांत फुटे. खानोलकरांचे ‘चिं. त्. खानोलकर’ होई, पाय मोडलेल्या ‘त’सह. सप्टेंबर २०२३ मधील युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम घातला. त्यानुसार व्यंजन, हलन्त, व्यंजन ही साखळी तुटत नाही. ही दुरुस्ती फार उशिरा आली, पण मराठीसाठी ती मोलाची आहे. एखाद्या प्रणालीत ती पोहोचली का, हे पाहायला ‘त्र्यंबक’ हा एक शब्द पुरेसा आहे. पहिला गट ‘त्र्यं’ आला तर पोहोचली.

स्विफ्ट आणि एलिक्सिर या भाषा मुळातच असे गट मोजतात. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल.सेगमेंटर’ आहे. २०२४ मध्ये फायरफॉक्सनेही ते घेतल्यावर सर्व प्रमुख ब्राउझरांत ते मिळू लागले. पीएचपीत ‘ग्राफीम_सबस्टर’ आहे. पायथनमध्ये वेगळे ‘रेजेक्स’ मॉड्यूल बसवावे लागते. इतर ठिकाणी आयसीयू ही लायब्ररी कामी येते. मात्र सगळीकडे अक्षरच मोजावे असेही नाही. अनुक्रमणिकेत ‘प्रल्हाद’ आणि ‘पुरुषोत्तम’ दोन्ही ‘प’खाली हवेत, तिथे पहिला कोड पॉइंटच योग्य. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना वर्णमालेत शेवटी स्वतंत्र स्थान दिले जाते, तेवढा अपवाद हाताने करावा लागतो. मराठी एसएमएसमध्ये एका संदेशात सत्तर घटक मावतात आणि ‘सुकापूर’ त्यातले सात खाते. तिथे वाचकाच्या अक्षरांना विचारून उपयोग नाही.

तुकडा कापण्याआधी तो शोधायचा असतो, आणि तिथे मराठीची आणखी एक अडचण आहे: दिसायला सारखे, साठवणीत वेगळे. ‘दुसऱ्या गल्लीत’ मधला ‘ऱ्या’ तीन प्रकारे टंकला जातो. नुक्त्याच्या ‘ऱ’चे एकसंध चिन्ह वापरून, साधा ‘र’ आणि सुटा नुक्ता वापरून, किंवा ‘र’ला हलन्त देऊन न दिसणारे जोडचिन्ह घालून. पहिल्या प्रकारात ‘दुसऱ्या’ सात चिन्हांचा, उरलेल्या दोन्हींत आठ. पहिले दोन युनिकोडच्या सामान्यीकरणाने एक होतात, तिसरा होत नाही. तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. ‘ॲडव्होकेट’मधल्या ‘ॲ’चेही तसेच. २००८ पासून त्याला स्वतंत्र चिन्ह आहे, पण ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला जुना मजकूर भरपूर आहे आणि सामान्यीकरण त्या दोघांना एक मानत नाही.

आकृतिबंधाने शोधतानाचा धोका याहून मोठा. पायथनच्या मूळ ‘रे’ मॉड्यूलमध्ये ‘शब्दातील चिन्ह’ या खुणेत मात्रा बसत नाहीत, त्यामुळे ‘सुकापूर’मधून शब्द काढायला सांगितले तर स, क, प, र असे चार ‘शब्द’ मिळतात. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या कोणालाही हे माहीत असायलाच हवे, कारण शब्दमोजणीचे कितीतरी हिशेब यामुळे मुळातून चुकतात. जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण देवनागरीचे एकही चिन्ह ओळखत नाही. अंकांची खूण पायथनमध्ये देवनागरी पिन कोड पकडते, जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक.

व्याकरणही वाट अडवते. ‘सुकापूर’ हा तुकडा शोधणारा प्रोग्रॅम ‘सुकापुरात पाणी नाही’ ही तक्रार पाहतच नाही, कारण प्रत्यय लागताना दीर्घ उकार ऱ्हस्व झाला. ‘पुणे’ शोधून ‘पुण्यात’ मिळत नाही. पहिली तीन चिन्हे ‘पुण’ घेतली तर पुणे, पुण्यात, पुणेकर तिन्ही सापडतात, आणि येथे अक्षर अर्ध्यावर तोडणारा कोड पॉइंटचा हिशेबच उपयोगी ठरतो. ‘पनवेल’ला हा त्रास नाही. पनवेलला, पनवेलहून, पनवेलकर, सगळ्यांत मूळ शब्द जसाच्या तसा राहतो.

तुकड्याला जागा किती लागते, हाही एक प्रश्न असतो. जावात पूर्वी सबस्ट्रिंग मूळ मजकुराचीच जागा वाटून घेई. काम वेगाने होई, पण सहा अंकी पिन कोड जपून ठेवला की त्याच्यामागे अख्खी फाइल मेमरीत अडकून राही. २०१२ मध्ये जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून तुकड्याची स्वतंत्र प्रत होऊ लागली. स्विफ्टने तुकड्याला वेगळा प्रकारच दिला आहे. तो तात्पुरता जागा वाटून घेतो आणि जपून ठेवायचा असेल तर प्रोग्रॅमरला त्याची पूर्ण स्ट्रिंग करून घ्यावी लागते. दोन्ही फायदे राखणारी ही तोड जास्त चांगली.

सर्वांत मागे आहेत ते डेटाबेस. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांची सबस्ट्रिंग कोड पॉइंट मोजते, आणि अक्षरगट मोजणारे फंक्शन त्यांत अंगभूत नाही. ओरॅकलमध्ये बाइट मोजणारे ‘सबस्टरबी’ वेगळे आहे, आणि स्तंभाची लांबीही, वेगळे सांगितले नाही तर, बाइटांतच धरली जाते. मराठी नावांसाठी ती चिन्हांत मुद्दाम मागून घ्यावी लागते. आद्याक्षरे, शीर्षकांची छोटी रूपे, यादीत दिसणारी आखडलेली नावे ही डेटाबेसच्या आत न तोडता बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरगट मोजून तयार करावीत आणि वेगळ्या स्तंभात साठवावीत. पिन कोड, आयएफएससी आणि जीएसटी क्रमांक मात्र डेटाबेसच्या सबस्ट्रिंगवर खुशाल सोपवता येतात.